एकोणिसावा मसुदा

लाखोडीच्या थंडघराचा अहवाल आम्ही एकोणीस वेळा लिहिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माझी सगळी किळस तिथूनच सुरू होते. खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं, कोर्टात खेचलं असतं, आणि मी निवृत्त होऊन सुखाने लोणची घालत बसले असते.

मी कुंदा भोंगाडे, विधिमंडळातली मुख्य प्रतिवेदक. सभागृहात आणि समित्यांमध्ये जे बोललं जातं ते शब्दशः उतरवून घेणाऱ्या माणसाला प्रतिवेदक म्हणतात. एकतीस वर्षं मी तेच केलं. दहा मिनिटं बसून लघुलिपीत घ्यायचं, पुढचा आला की उठायचं, बाहेर जाऊन टंकायचं, पुन्हा पाळी आली की आत. आता यंत्रं ऐकतात आणि यंत्रंच लिहितात. पण नियमावलीत एक जुनं कलम राहून गेलं आहे. छापल्या जाणाऱ्या साक्षी खऱ्या आहेत असं प्रमाणपत्र मुख्य प्रतिवेदकाने सही करून द्यायचं असतं. ते कलम काढून टाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून माझी खुर्ची टिकली, आणि साक्षींच्या वेळी पाळीने बसून यंत्राचा उतारा तपासायचं कामही.

लाखोडी मोठ्या जलाशयाच्या काठावरचं तालुक्याचं गाव. अलीकडे मे महिन्यात तिथली हवा नुसती तापत नाही, दमटही होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, आणि मग सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूससुद्धा सहा तासांत दगावतो; बंद खोलीत गर्दी असली तर त्याहूनही लवकर. त्यात पंखा काही करू शकत नाही. म्हणून सरकारने तालुक्यातालुक्यात मोठे, हवाबंद, विजेवर गार राहणारे निवारे बांधले. कागदोपत्री त्यांचं नाव 'उष्मा निवारा'. लोक थंडघर म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एकोणीस मे रोजी दुपारी लाखोडीच्या थंडघरात एकशेवीस माणसं होती. दोन वाजून पाच मिनिटांनी वीजवाटप करणाऱ्या यंत्रणेने तिथली वीज काढून एका खासगी संगणककेंद्राला दिली. ती चूक होती, आणि चूक कुठेही होते. पण थंडघराच्या दाराला बाहेरून साखळी होती. सारखी ये-जा झाली की गारवा वाया जातो, म्हणून 'छायासेवा' नावाच्या ठेकेदार कंपनीने दोन तासांतून एकदाच दार उघडायचं ठरवलं होतं. तसं पत्र तिने विभागाला पाठवलं, आणि विभागाने 'हरकत नाही' असं लिहून परत केलं. चार वाजता साखळी काढली तेव्हा आत सत्तावन्न माणसं मेलेली होती.

चौकशी समितीने एवढंच शोधून काढायचं होतं, आणि समितीने ते शोधलं. पहिल्या मसुद्यात हे सगळं पहिल्याच पानावर अकरा ओळींत होतं. तो मसुदा मीच टंकला होता. समितीप्रमुख ठोंबरेसाहेबांनी तो वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, ठीक आहे, आता हा 'प्रतिजना'ला दाखवा.

प्रतिजन म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला माझ्या मुलीबद्दलही सांगावं लागेल, कारण तो तिने बांधला.

ऋजुता माझी एकुलती एक. तिचे वडील ती नऊ वर्षांची असताना गेले. पुढे ती संगणकात जे काही शिकायचं ते शिकली. माणूस दिवसभरात शेकडो खुणा मागे ठेवतो. कोणती बातमी अर्ध्यावर सोडली, कोणत्या निरोपाला चिडून उत्तर दिलं, सरकारी मदतक्रमांकावर किती वेळा फोन केला, आवाज कुठे चढला, हे सगळं कुठे ना कुठे साठतं. ऋजुताच्या गटाने त्यातून नागरिक नोंदवहीतल्या एकेका माणसाचा एकेक नमुना तयार केला. तो नमुना माणूस नव्हे. एखादा मजकूर पुढे ठेवला तर तो माणूस त्याला काय करील, एवढंच तो सांगतो. वाचील की टाकून देईल, घाबरेल, चिडेल की गप्प बसेल. असे तीन कोटी नमुने एकत्र ठेवले की झाला प्रतिजन.

सुरुवात तर चांगल्या कामापासून झाली. पुराच्या इशाऱ्यांना लोक दाद देत नसत. 'घरे सोडा' म्हटलं की लोक माळ्यावर चढून बसत. प्रतिजनाला दोनशे तऱ्हेचे निरोप दाखवले, तेव्हा एका खोऱ्यात 'आधी जनावरं सोडा' एवढ्या शब्दांवर नमुने हलले. त्या पावसाळ्यात तोच निरोप गेला. लोकांनी दावी सोडली, आणि जनावरांमागून स्वतःही टेकडीवर गेले. चार हजार माणसं वाचली. मी कार्यालयात पेढे वाटले होते. ते पेढे ठोंबरेसाहेबांनीही खाल्ले.

मग कुणीतरी कायदा केला. विधिमंडळाचा कोणताही चौकशी अहवाल प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रतिजनाला दाखवायचा. त्यातून एक रोषांक निघतो, शून्य ते शंभर. तो पंधराच्या खाली हवा. शिवाय ज्यांना घटनेची झळ लागली त्या बाधितांच्या गटात निम्म्याहून अधिक नमुने 'समाधानी' निघायला हवेत. आणि कुणाकडून उत्तर, दुरुस्ती किंवा संमती मागवली आणि पंधरा दिवसांत ती आली नाही, तर त्याच्या नमुन्याचं उत्तर तेच त्याचं उत्तर धरायचं. कामं अडू नयेत म्हणून ही सोय केली होती. आपल्याकडे सोय म्हटली की कुणी पुढचं वाचत नाही.

ठोंबरेसाहेब दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या मतदारसंघात पूर्वी एका अहवालावरून जमाव भडकला होता, आणि अहवालाशी काडीचाही संबंध नसलेला एसटीचा ड्रायव्हर गाडीतच जळाला होता. त्याच्या घरी ते अजून दर दिवाळीला जात. ते मला म्हणाले होते, "कुंदाताई, लोकांना खरं सांगायचं हे कबूल. पण आग लावून सांगायचं कशाला?"



पहिल्या मसुद्याचा रोषांक निघाला एकाहत्तर. मग आम्ही कामाला लागलो. प्रतिजन प्रत्येक ओळीपुढे सांगत असे की इथे किती लोक चिडतात. आम्ही ती ओळ हलवायचो. कोणती ओळ कुठे गेली याची टिपणं ठेवायचं काम माझ्याकडे होतं. साखळी आधी दहाव्या पानावर गेली, मग चाळिसाव्या. तिच्यापुढे उष्म्याचा शास्त्रीय इतिहास आला, देशोदेशीचे तक्ते आले. पहिल्या पानावर दवाखान्यात बऱ्या होऊन हसणाऱ्या एका बाईचा फोटो आला. शिफारशी अकराच्या एकशे चौदा केल्या, कारण सातव्या शिफारशीला माणूस जांभई देतो आणि विसाव्याला पान उलटतो, हे प्रतिजनाला पक्कं ठाऊक होतं. 'हरकत नाही' लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव गाळलं नाही. तेहतीस अधिकाऱ्यांच्या यादीत त्यांच्या हुद्द्यानुसार घातलं. तेराव्या मसुद्यापर्यंत मला वाटत होतं की हे संपादन आहे. मीही सूचना केल्या. एका परिच्छेदाची जागा बदलण्याची माझी सूचना प्रतिजनाला इतकी आवडली की रोषांक एकदम चारने उतरला, आणि समितीतल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला ते आवडलं. आज आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

एकोणिसाव्या मसुद्यात साखळी दोनशे सातव्या पानावर, परिशिष्ट 'ड' मध्ये पोचली. रोषांक नऊ. बाधितांच्या गटात एकशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे नऊ समाधानी. साहेबांनी सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी मागवली.

बर्फी तोंडात असतानाच तो आकडा मला टोचला. बाधितांची यादी मीच प्रमाणित केली होती. वाचलेले त्रेसष्ट, मेलेल्यांचे वारस अडुसष्ट. मिळून होतात एकशे एकतीस. हे वरचे सत्तावन्न कोण?

मी टिपणाच्या कडेला बेरीज पुन्हा केली, आणि माझी बर्फी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली.

संध्याकाळी ऋजुता जेवायला आली तेव्हा मी तिला विचारलं. ती आधी हसली, मग लॅपटॉप उघडून बसली, आणि पिठलं गार होईपर्यंत उठली नाही. प्रतिजन नागरिक नोंदवहीवर चालतो. मृत्यूची नोंद झाली की नमुना आपोआप गळतो. पण लाखोडीच्या सत्तावन्न माणसांच्या मृत्यूचं कारण समितीपुढे होतं. ते उष्म्याने मेले, गुदमरून मेले की आपल्या आजाराने, हे अहवाल स्वीकारला गेल्यावरच ठरणार होतं. तोवर नोंदवहीत त्यांच्यापुढे 'निर्णयाधीन' असा शेरा होता, आणि निर्णयाधीन माणूस यंत्राच्या लेखी हयात असतो.

"म्हणजे मेलेल्यांना अहवाल वाचायला दिला?"

"एकोणीस वेळा," ती म्हणाली.

"आणि?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मग तिने सांगितलं की सत्तावन्नच्या सत्तावन्न समाधानी आहेत. पहिल्या मसुद्यापासून आहेत. यंत्राच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हतं. ज्या माणसाने दोन वर्षांत एकही तक्रार केली नाही, एकही फोन केला नाही, कुणाला चिडून एक निरोप पाठवला नाही, तो शांत वृत्तीचा वाचक. मौनाचा अर्थ यंत्राने समाधान असा घेतला होता. एरवी जिवंत माणसांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबरही निघतो, असं ती म्हणाली. तेही मला तितकंच किळसवाणं वाटलं.

एकशे नऊमधून सत्तावन्न काढले तर उरतात बावन्न. एकशे एकतीसपैकी बावन्न. निम्मेसुद्धा नाहीत. अहवाल नापास होता. मेलेल्यांनी त्याला पास केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून साहेबांकडे गेलो. ऋजुताने सगळं नीट समजावून दिलं. मला तिचा अभिमान वाटला. साहेब खरोखर हादरले. त्यांनी पाणी मागवलं. मग त्यांनी विधी सल्लागारांना बोलावलं, आणि त्या गृहस्थांनी नियमावलीत बोट घालून असं काही सांगितलं की मी ते जन्मात विसरणार नाही. नोंदवहीतून नाव काढायला मृत्यूचं कारण हवं. कारण अहवालात आहे. अहवाल स्वीकारल्याशिवाय कारण लागू होत नाही. तेव्हा अहवाल स्वीकारला जाईपर्यंत हे सत्तावन्न लोक बाधित नागरिक आहेत, आणि त्यांना वाचक म्हणून वगळणं हा त्यांच्या हक्कावर घाला ठरेल. ते 'हक्क' हा शब्द म्हणाले. त्यांच्या मिशीला चहा लागला होता.

साहेबांनी पाण्याचा ग्लास संपवला. मग म्हणाले की विसावा मसुदा करायचा तर अधिवेशन संपेल, समितीची मुदत संपेल, आणि सगळंच बासनात जाईल. आहे ते तरी लोकांपुढे जाऊ दे. त्यात सगळं आहे ना?

सगळं होतं. हीच तर गोम होती. एखाद्या वर्तमानपत्राकडे फोडावं, तर फोडायचं काय? छापलेलंच होतं. दोनशे सातवं पान उघडा, असं मी कुणाला सांगितलं असतं, तर त्याने उघडलं असतं, वाचलं असतं आणि विचारलं असतं, मग लपवलंय कुठे? मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराने उघड्या डोळ्यांनी, सगळ्यांच्या देखत भांडं रिकामं केलं होतं.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. साक्ष छापण्याआधी साक्षीदाराला त्याची प्रत दाखवायची, आणि तो सांगेल ती दुरुस्ती जशीच्या तशी लावायची, असा रिवाज आहे. प्रती सर्वांना फोनवर गेल्या होत्या. बहुतेकांनी त्या उघडल्या नव्हत्या, आणि त्यांचे नमुने पंधराव्या दिवशी त्यांच्या वतीने 'दुरुस्ती नाही' म्हणणार होते. अनसूयाबाई नेवारे यांची मुदत संपायला दोन दिवस होते. त्यांना वाचता येत नाही, हे मला आठवत होतं, कारण त्यांच्या साक्षीच्या वेळी पाळी माझी होती. मी रजा टाकली आणि लाखोडीला गेले.

अनसूयाबाई एकसष्ट वर्षांच्या. थंडघरातून त्या वाचल्या. त्यांचे मालक शामरावजी त्यांच्या शेजारी बसल्याबसल्या गेले. घर दोन खोल्यांचं, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. प्रतिवेदकाला कुणी ओळखत नाही, आम्ही मान खाली घालून बसतो. मी सांगितलं की तुमची साक्ष वाचून दाखवायला आले आहे. त्यांनी हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

मी वाचत गेले. वीज गेली, लोक उठले, दाराकडे गेले, दार उघडेना. त्या मान हलवत होत्या. मग मी पुढचं वाचलं. "अडथळा."

"हे काय?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की कामकाजात मध्येच काही आवाज झाला, गोंधळ झाला, कुणी रडलं, की आम्ही तो प्रसंग लिहीत नाही. कंसात 'अडथळा' एवढंच टाकतो. तशी पद्धत आहे.

 मग त्यांनी मला आठवण करून दिली, आणि मला ती कुणी करून द्यायची गरज नव्हती. साहेबांनी त्या दिवशी विचारलं होतं की दार उघडावं म्हणून तुम्ही नेमकं काय केलं. अनसूयाबाईंना शब्द सापडले नाहीत. त्यांनी समोरच्या टेबलावर दोन्ही तळहातांनी वाजवायला सुरुवात केली. असं केलं, असं केलं, असं न बोलता सांगत होत्या. पाणी सांडलं, ध्वनिक्षेपक आडवा झाला. चार मिनिटं त्या थांबल्या नाहीत, आणि कुणाची त्यांना थांबवायची छाती झाली नाही. मी घड्याळ बघून ती चार मिनिटं मोजली होती, आणि मोजून झाल्यावर 'अडथळा' असं लिहिलं होतं. प्रतिजनाने ते रिकामी जागा म्हणून सोडून दिलं असणार. दोष त्याचा नव्हता. त्याच्यापर्यंत ती बाई मी पोचूच दिली नव्हती.

"तिथं लिवा," अनसूयाबाई म्हणाल्या, "आमी दार वाजवत होतो. बाहेर दोन मानसं बसले होते. त्याईले आयकू जात होतं."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांचा अंगठा घेतला. निघताना मला राहवलं नाही, आणि मी त्यांना नमुन्यांचं सांगितलं. शामरावजींच्या नावाने यंत्राने अहवाल पसंत केल्याचंही सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. ओझं एकटीने वाहवत नव्हतं म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं, एवढंच.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मिरच्या उलथायला घेतल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या की शामरावजींना भाजीत मीठ कमी पडलं तरी ते ताट सरकवत. "त्याईनं कवा काई गुमान पसंत केलं नाई, बाई. अन् हे केलं म्हन्ता?"

परत आल्यावर मी दुरुस्ती लावली. ती नियमाप्रमाणे छापली गेली. पान दोनशे अकरा, बारीक टाईप.

आता माझं प्रमाणपत्र उरलं होतं. मी ठरवलं की सही करायची नाही. तसं लेखी कळवलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण म्हणून काय लिहायचं? सगळ्या साक्षी खऱ्या होत्या. म्हणून मी उत्तरच दिलं नाही. कार्यालयात जायचे, कागद पुढे यायचा, मी तो बाजूला सारायचे. मला वाटत होतं की मी अडून बसले आहे, आणि मुख्य प्रतिवेदक अडून बसली की अहवाल अडतो. एकतीस वर्षं ज्या नियमावलीची मी पारायणं केली, तिचा नवा भाग मीही इतरांसारखाच न वाचता सोडला होता.

सोळाव्या दिवशी अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला, आणि त्याच तासाला तीन कोटी फोनांवर पोचला. शेवटच्या पानावर प्रमाणपत्र होतं, त्याखाली माझी सही होती. अगदी माझी, 'भ'ला मी देते तो झोकसुद्धा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नमुना-संमतीद्वारे.

मी ऋजुताला घरी बोलावलं. ती आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली. तिला माहीत होतं.

नमुना अयोग्य आहे असा शेरा मारून संमती थांबवायचा अधिकार प्रतिजनाच्या चालकाला असतो, आणि चालक ती होती. मी तिला विचारलं की तू थांबवू शकली असतीस का.

"हो," ती म्हणाली. "नाही थांबवलं. तुझी चौकशी लागली असती, आई. चार महिने राहिलेत तुझे. पेन्शन अडकली असती."

"मी सही करणार नव्हते."

"तुझा नमुना म्हणत होता की करशील. पहिल्यांदा नाही म्हणशील, पंधरवडा काढशील, आणि मग करशील." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, ते बरोबरच असेल. तू नेहमी करतेस."

तिला चपराक मारावी असं वाटलं. तिला जवळ घ्यावं असंही वाटलं, कारण तिने हे माझ्यावरच्या मायेने केलं होतं, आणि अशी माया करायला तिला मीच शिकवलं होतं. आपण आपलं काम करावं, वर बघू नये, लिहिलेलं खरं असलं की झालं. मी काहीच केलं नाही. ती निघून गेली. 

लोकांचं म्हणाल तर काही झालं नाही. दोन दिवस अहवालाची चर्चा झाली, बहुतेक फोटोतल्या बाईची. एका संपादकाने समतोलाबद्दल समितीचं अभिनंदन केलं. बस जळली नाही, ड्रायव्हर मेला नाही. सत्तावन्न जणांच्या नावापुढे नोंदवहीत 'उष्म्यामुळे' असं लागलं आणि त्यांचे नमुने गळाले. 'हरकत नाही' लिहिणारे अधिकारी बढतीवर गेले. एकशे चौदापैकी एकोणसाठावी शिफारस अशी होती की थंडघरांच्या दारांची रचना तपासावी.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. अनसूयाबाई होत्या. त्यांच्या भाच्याने त्यांना शेवटचं पान वाचून दाखवलं होतं.

"बाई, सई तुमची हाये म्हन्तेत."

मी म्हणाले की ती मी केलेली नाही. माझ्या नमुन्याने केली. मी उत्तर दिलं नाही, म्हणून मी हो म्हणाले असं धरलं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

"आमच्या मानसायचंबी असंच धरलं," त्या म्हणाल्या. "पन ते बिचारे मेलेले होते. तुमी तं जित्या हाये ना?"

मी हो म्हणाले.

"मंग या इकडं. गाव जमा करतो. तुमची साक्ष आमी घेतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी एका पिशवीत दोन लुगडी भरली आणि सकाळच्या एसटीने निघाले. वाटेत ऋजुताचे दोन फोन आले. तिसरा मी घेतला आणि तिला सांगितलं की मी लाखोडीला चालले आहे. कशाला ते तिने विचारलं नाही. नमुन्याने असं काही सांगितलं नव्हतं, एवढंच ती म्हणाली.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली होती, साठ-सत्तर असतील. दोन बाकं समोर लावलेली, एकावर पाण्याचा तांब्या. मला दुसऱ्यावर बसवलं. लिहून घेणारं कुणी नव्हतं, यंत्रही नव्हतं. सगळे नुसते माझ्याकडे बघत होते. एवढी तोंडं समोरून मी कधी पाहिली नव्हती. शामरावजींच्या वयाचे एक गृहस्थ उठले आणि त्यांनी साहेबांसारखंच विचारलं, काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.

मी पहिल्या मसुद्यातल्या अकरा ओळी पाठ म्हणायला सुरुवात केली. मधूनच अनसूयाबाई म्हणाल्या, "हे तं आमीच तुमाले सांगतलं होतं. आमाले ठाऊक नाई ते सांगा."

मी तांब्यातलं पाणी प्याले. 

मी म्हणाले, "साखळी पहिल्या पानावर होती. ती दोनशे सातव्या पानावर नेली. चाळिसाव्यापासून पुढे कुठे न्यायची, ते मी सुचवलं."